मधला

गोराझ्दला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो सतरा वर्षांचा
आणि पायांत दोन वेगळ्या जोड्यांचे बूट.
मी सामानाच्या खोलीत. किल्ल्या, ग्रीस, ओले मोजे.
म्हणाला, डावा सैल होतो, कागद कोंबून देता?
कोंबला. त्या दिवसापासून
त्याचा डावा पाय माझ्या ओळखीचा.

तो इद्रियाचा. तिथं डोंगराच्या पोटात पारा.
बाप खाणीत उतरायचा
आणि वर येताना हातांत थरथर घेऊन यायचा,
चमच्यातलं सूप ओठांपर्यंत पोचेस्तोवर निम्मं.
आई खिडकीशी लेस विणायची.
उशीवर टाचण्या, लाकडी फिरक्या टकटक
इकडची तिकडे, तिकडची इकडे,
आणि कुणाचं लक्ष नसताना
मधे नक्षी.
पत्रकारांना तो सांगायचा, पास द्यायला मी
जर्मन संघाचे सामने बघून शिकलो.
सांगू दे.

मैदानाच्या मध्यावर उभं राहायचं म्हणजे
दोन्हीकडून शिव्या खायच्या.
पुढचे म्हणतात चेंडू येत नाही,
मागचे म्हणतात चेंडू थांबत नाही.
गोल करणाऱ्याचं नाव फलकावर,
अडवणाऱ्याचा फोटो पेपरात,
मधल्याची फक्त जर्सी, सगळ्यांत चिखलाची,
माझ्या टबात.

एक्याण्णवच्या उन्हाळ्यात दहा दिवस रस्त्यांवर रणगाडे.
अकराव्या दिवशी आम्ही सराव केला.
देश लहान झाला, लीग लहान झाली,
बेलग्रेडमधल्या पन्नास हजारांचा गलका
एकदम नऊशेंवर आला, त्यातले शंभर फुकटे.
जर्सींवरचे लाल तारे मी ब्लेडनं उसवले.
ताऱ्याच्या आकाराची गडद जागा राहिली.
कितीही धुतलं तरी राहिली.
गोराझ्द तीच घालून खेळला, म्हणाला,
नवी येईल तेव्हा येईल.

मग ग्राझ. मग त्रिएस्तेजवळचा कुठलासा क्लब,
जिथं पगार कधी पाकिटातून, कधी ऑलिव्ह तेलाच्या डब्यांतून.
मग गुडघा.
गुडघ्याबद्दल तो बोलत नाही, मीही नाही.

छत्तिसाव्या वर्षी कोट घालून आला.
साहेब म्हणायला जड गेलं, मग मी काहीच म्हणेनासा झालो.
पहिल्या मोसमात त्याचा पारा असा चढायचा
की कपाटांची दारं मी दोनदा बसवली.
पुढं किनाऱ्यावरच्या क्लबनं नेलं
आणि नाताळच्या आधी काढलं.
मारिबोरकडच्यांनी काढलं नाताळनंतर,
जरा सभ्य माणसं.
फिरून फिरून आमच्याकडेच आला.
टेबलावर बापाची बाटली ठेवली, तळाशी दोन बोटं पारा,
त्यावर लोखंडी नट तरंगतोय.
खेळाडू विचारतात, हा बुडत का नाही?
तो सांगत नाही.

गेल्या शनिवारी सामन्याआधी मला आत बोलावलं.
दार लाव म्हणाला. पेन्सिल माझ्यापुढे सरकवली.
नावं तो सांगणार, मी लिहायची.
तेव्हा पाहिलं, त्याचे हात.
टीव्हीवाले म्हणतात,
बघा, खिशात हात घालून किती शांत उभा असतो.
तो तर खाणीत कधी उतरलाच नाही.

गोली, बचाव, सगळे नेहमीचे.
आठ नंबरापाशी थांबला.
नऊ वर्षं तिथं लेनार्त. त्याची मुलगी माझ्या नातीच्या वर्गात.
खिडकीबाहेर पाहत म्हणाला, एल्वेदिन.
मी म्हटलं, पोरगा सतराचा आहे.
म्हणाला, मग?

लिहिलं. माझं अक्षर वाईट,
पण कुणी ओळखलं नाही की ते माझं आहे.
लेनार्तचे बूट तरीही पुसून ठेवले, नेहमीच्या जागी.
तो आला, यादी वाचली, बूट घातले,
बाकावर बसून नाड्या सोडल्या, पुन्हा बांधल्या.

पोरगा घाबरला होता. पहिले तीन पास प्रतिस्पर्ध्यांना.
चौथा कुठून कुठं गेला ते मला कळलं नाही,
पण गोराझ्दचे दोन्ही हात खिशाबाहेर आले होते
आणि नऊशे माणसांदेखत थरथरत होते,
आणि त्याला भान नव्हतं.

बरोबरी झाली. एक एक.
रात्री मी मोजे मोजले.
एक कमी भरला. पुन्हा मोजले.