मुळांचा कप्पा

मे महिन्यातली रात्र, पावणेदोन.
गायत्रीनगरच्या ऑफिसात मी, सर्व्हर,
आणि कुलरच्या टाकीत बादली ओतणारा डोमाजी.
सर्व्हरच्या खोलीत अठरा अंश, बाहेर अजून छत्तीस,
दोन हवामानांमध्ये एक काच.

कालपासून मीटिंगचा सर्व्हर उठत नाही.
चंद्रपूरची शाखा मुकी, भंडाऱ्याची मुकी,
पुण्याहून मेहेंदळे मॅडम दर वीस मिनिटांनी,
‘निमजे, नक्की काय आहे?’
नक्की हे आहे मॅडम, की तो म्हणतो,
साखळी दिसते,
पण जिथं ती संपते
त्या मुळावर माझा विश्वास नाही.

नवं सर्टिफिकेट दिलं. नाही.
नाव तपासलं, मुदत तपासली.
घड्याळ चार मिनिटं पुढं होतं, मागं घेतलं. तरी नाही.
लाल ओळ तीच, शब्द तेच,
तक्रार इतकी सभ्य की चीड यावी.

डोमाजी दारातून डोकावला.
‘काहून साहेब, काय होऊन राह्यलं?’
‘याले कागद दाखवून राह्यलो, तं हा मानूनच नाही राह्यला.’
तो हात पुसत म्हणाला,
‘मंग कोणाची सही पाहिजे म्हणते थो?’

तांडापेठेत, आमच्या दिवाणाखाली,
साडीच्या दुकानाची एक पिशवी आहे.
तिच्यात पुतणीचा, चैतालीचा दाखला,
त्याच्या आधाराला माझ्या भावाचा,
त्याच्या आधाराला बापाचा,
आणि सगळ्यांत खाली आजा, झिबलाजी,
ज्यानं जन्मभर माग चालवला
आणि सहीच्या जागी अंगठा दिला.
शाळेच्या जुन्या रजिस्टरात त्याच्या नावापुढं
शाई फुटली आहे, नेमकी त्या रकान्यात.
पडताळणीच्या ऑफिसातला बाबू चष्मा वर करून बघतो,
‘वाचता येत नाही. याच्या मागची नोंद आणा.’
याच्या मागं, साहेब,
नुसतं सूत आहे.

मुळांचा कप्पा उघडला.
एकेक सर्टिफिकेट उघडून पाहू लागलो.
दिलं कोणाला, दिलं कोणी,
दोन्ही रकान्यांत एकच नाव.
मूळ म्हणजे एवढंच तर असतं,
आपली ओळख आपणच सांगायची
आणि कुणीतरी, कधीतरी,
ती न विचारता ठेवून घेतलेली असायची.
या सदतीस जणांना
आजोबाचा कागद कुणी मागितला नव्हता.

बाविसाव्यावर हात थांबला.
दोन नावं वेगळी.
मधला एक दुवा, घाईत कुणीतरी
मुळांमध्ये नेऊन बसवलेला.
कुणीतरी म्हणजे मीच,
मार्चमध्ये, उमरेडला लग्नाला पळायचं होतं तेव्हा.
तेवढ्या एका पाहुण्यापायी
सगळं घरच संशयात.

उचलला. शेजारच्या कप्प्यात ठेवला,
जिथं दुसऱ्याच्या सहीनं आलेले बसतात.
सेवा पुन्हा चालू केली.
फिरतंय.
फिरतंय.
हिरवं.
आणि चंद्रपूरहून कुणीतरी खोकलं.
रात्रपाळीचा माणूस, बिचारा,
इतका वेळ ‘जोडत आहे’ वर बसून होता.
‘हॅलो, आवाज येऊन राह्यला का?’
येऊन राह्यला, भाऊ. बोल.

मेहेंदळे मॅडमना लिहिलं,
‘झालं. एक कागद चुकीच्या कप्प्यात होता.’
त्यांनी उत्तरादाखल अंगठा पाठवला,
पिवळा, गुळगुळीत, एकही रेघ नसलेला.
मी बघत राहिलो.
याच्यावर मात्र कुणी हरकत घेणार नाही.

खाली उतरलो तर स्कूटरची सीट अजून कोमट.
डोमाजीनं फाटक उघडलं, विचारलं,
‘घेतली का मंग त्यानं सही?’
म्हटलं, ‘सही होतीच रे. जागा चुकली होती.’
‘हाव का,’ म्हणाला, आणि फाटक लावून घेतलं.

अकरा वाजता चैतालीची तारीख आहे.
रजिस्टरच्या पानाच्या दोन झेरॉक्स कमी पडतात,
आणि टिमकीचं दुकान
नऊच्या आत उघडत नाही.