तीन सूत

आधी कर्ण मोज, बर्टन म्हणाला.
मोजले.
धुक्यानं टेप ओला, आकडे पुसट,
एका कोपऱ्यातून चौदा फूट पाच इंच,
दुसऱ्यातून तीन सूत जास्त.
तीन सुतांनी काय बिघडतंय, मी म्हटलं,
आत गवत कापायचं यंत्र राहणार आहे, बिशप नाही.

पालथ्या बादलीवर बसला होता तो,
उजवा हात मांडीखाली दाबून,
हलू नये म्हणून.
तळाशी तीन सूत, म्हणाला, आढ्याला जाईस्तोवर
वीतभर होतात. मोगरी घे.

चाळीस वर्षं यानं होड्या बांधल्या
लाहेव्हच्या काठावर, जिथं फळीला फळी
वाकूनच भेटते, काटकोन शोधून सापडत नाही;
आणि आता माझ्या परसात, आठ बाय बाराच्या खोपटासाठी
गुण्या म्हणजे जणू बायबल.
मी सव्वीस वर्षं शाळेची बस चालवली.
माझा हात सरळ आहे,
पण खिळा तिसऱ्या घावाला वाकतो
आणि प्रत्येक वाकड्या खिळ्याला तो
डोळे मिटून घेतो, वडील घ्यायचे तसे.

ऑगस्ट असाच गेला.
वासे चढवायला शेजारचा एल्डन कॉर्कम आला,
एका हातात वासा, दुसऱ्यात सँडविच.
खिडकी अग्निशमन दलाच्या जुन्या हॉलमधली, दहा डॉलर,
एका काचेला तडा; तडा फुकट.
छपरावर डांबरी कागद अंथरला त्याच रात्री वारा सुटला,
सकाळी कागद एल्डनच्या कोबीवर.
परत अंथरला.

मग दार उरलं.
लाकडी घोड्यांवर फळ्या मांडल्या,
पेन्सिल माझ्या कानावर.
बर्टन उठला, काही न बोलता ती काढून घेतली,
डाव्या हातानं उजवं मनगट धरलं
आणि ओढली रेघ,
वरपासून खालपर्यंत, सहा फूट, मध्ये न थांबता.
रेघ कसली, आमचा किनाराच तो,
खाचा, भूशिरं, आत शिरलेलं पाणी.

गुण्या माझ्या कमरेलाच अडकवलेला होता.
शेजारून दुसरी मारता आली असती,
त्याची पुसता आली असती, थुंकीनंसुद्धा.
काप, तो म्हणाला.
मी करवत लावली. प्रत्येक भूशिराला वळसा घातला.
इतकी हळू मी बर्फावरसुद्धा कधी बस चालवली नव्हती.

रंग त्याच्या शेवटच्या होडीचा उरलेला, हिरवा,
वर जाड साय धरलेली.
बिजागऱ्या, कडी, कोयंडा.
झालं, म्हणालो दोघंही,
आणि दोन दिवस आत कुणीच काही ठेवलं नाही.

कर्ण आता केसभरही चुकत नाहीत.
दार मात्र धुकं पडलं की फुगतं,
कोपराच्या उंचीवर अडतं,
खांद्यानं रेटावं लागतं.
उघडीप असली की उलट, सकाळी फटीतून
उजेडाची वाकडीतिकडी दोरी यंत्रावर पडते.
एल्डन म्हणतो, रंधा मार ना, दोन मिनिटांचं काम.
रंधा आतच आहे, तिसऱ्या खुंटीवर, पात्याला धार लावून.
मारीन, मी म्हणते.

संध्याकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बर्टन ओरडतो,
व्हर्ना, लागलं का दार?
लागलं, मी ओरडते,
आणि पायानं दगड सरकवते.