खिडकीपुरता कागद

दवाखाना एकला बंद होतो, पाचला उघडतो.
मधल्या वेळात मी कार्डं करते.
डॉक्टरांचा जुना जांभळा स्टॅम्पपॅड
कोरडा पडला म्हणून टाकत होते, मी मागून घेतला.
दोन थेंब पाण्यात अजून जीव धरतो.

स्पंज फर्निचरवाल्याच्या कचऱ्यातला,
बोटाएवढे तुकडे, मागून रबरबँडनं आवळलेले,
तान्ह्याच्या टोपऱ्यासारखे.
शिक्के खोडरबराचे:
एक शेवग्याच्या पानाचा, एक धोट्याचा,
एक कावळ्याचा. तो कबुतर म्हणूनही चालतो.

आज दानम्माचं कार्ड.
वडगावात आमची दारं समोरासमोर,
मधे गटार आणि एक कण्हेर,
ती कुणाची ते कधी ठरलंच नाही.
तिच्याकडं चार माग. रात्री अकरापर्यंत खटखट,
त्यावरच आम्ही झोपायचो.
अमावस्येला माग बंद, तेव्हा टक्क जागे.
दिवाळीनंतर ते भंगारात गेले, किलोवर,
आणि दानम्मा लेकाकडं रबकवीला.
खिडकी आहे तिथंच. काळी.

तर आधी खिडकी कापायची.
वर्तमानपत्राच्या समासातला कोरा कागद,
दोन बोटं रुंद, तीन बोटं उंच.
टेप आधी परकराला दोनदा लावून घ्यायची,
तिचा चिकटपणा मारायचा,
नाहीतर उचलताना कार्डाची कातडी सोलून येते.

मग रात्र.
रात्र एकदम घालायची नाही.
स्पंज आधी रद्दीवर टिपायचा,
मग कडेकडेनं, गोल गोल, आत यायचं.
निळा. त्यावर जांभळा. त्यावर पुन्हा जांभळा.
छपराखाली थोडा काळा.
मनगट दुखेपर्यंत.
खिडकी त्यात बुडते, कुठं होती तेही कळत नाही.
आई म्हणाली, काय करूलीस गे, सगळं काळं झालं की.
थांब म्हटलं.

नखानं कोपरा उचलला.

पांढरं.
तिथं मी काहीच केलं नव्हतं.
एवढा वेळ जिथं हात लागू दिला नाही
तेवढाच तुकडा पेटला.

आई बघत राहिली. मग म्हणाली,
गज राहिले.

गज काढले, पेनानं, चार.
तिसरा वाकडा. तो होताच तसा,
तिच्या लेकाची मान अडकली होती त्यात, पाच वर्षांचा असताना;
सगळी गल्ली खोबरेल घेऊन जमलेली,
शेवटी कुणाचीतरी पहार आली.
तोच लेक आता रबकवीत आईला सांभाळतो.

आत काय लिहायचं?
मला कन्नड पाट्यांपुरतं येतं, बसवरच्या, बँकेतल्या.
तिला तेवढंही नाही. सोसायटीच्या वहीत तिचा अंगठा,
सगळ्यांच्या सह्यांहून स्वच्छ,
रेघ न् रेघ मोजून घ्यावी असा.
माझे दोन रद्दीवर फुकट गेले.
तिसरा आत उठवला. जरासा सरकला.
राहू दिला.

पाकिटावर पत्ता मात्र तिन्ही भाषांत,
कन्नडातला मेडिकलवाल्या पोराकडून लिहून घेतलेला.
वाटेत कोण कुठलं वाचेल, काय सांगावं.

नऊ दिवसांनी फोन. नातू बोलत होता,
मागून तिचा आवाज, फोनपेक्षा मोठा:
लाईट यार हच्च्यार? बिल यार तुंबतार?
नातू मराठीत सांगायला लागला,
लाईट कुणी लावली, बिल कोण...
राहू दे म्हटलं, कळलं.
बिल माझ्या नावावर, सांग तिला.
त्यावर ती जे बोलली ते मात्र कळलं नाही,
नातूही हसत सुटला, सांगेना.

पावणेपाच झाले होते.
मांडीवर दुसरं कार्ड, अर्धवट, कुणाच्यातरी बारशाचं.
तसंच ठेवून निघाले.
पहिल्या पेशंटनं दाढ धरून माझ्या हाताकडं बघितलं,
भाजलं काय, म्हणाला.