पंचविसावा चौकोन

चियातुरात त्या हिवाळ्यात वीज
पाहुण्यासारखी यायची,
बूटही न काढता निघून जायची.
क्विरिला नदी काळी वाहायची,
दोरीवरचे कपडे वाळता वाळता मळायचे,
आणि वर्गाच्या भिंतीवर, खाणीच्या एका पाठकोऱ्या नकाशावर,
नाझिब्रोला बाईंनी हातानं आखलेली आवर्तसारणी.
तिच्यातला पंचविसावा चौकोन
पोरांच्या बोटांनी पुसून गेलेला.
मँगनीज. आमचं.
सोन्याला कुणी शिवत नसे.

बाईंचा एक नियम होता:
‘क्लोरिनला एक इलेक्ट्रॉन हवा असतो’
असं लिहिलं की अर्धा गुण गेला.
‘हवं-नको माणसांना. अणूला फक्त ऊर्जा कळते.
आणि कळते म्हणणंही चूकच.’

त्या दुपारी दवाखान्यातून मागून आणलेलं परमँगनेट,
काचेच्या नळीत चिमूटभर कॉस्टिक सोडा,
आणि एक चमचा साखर.
त्या वर्षी साखर!
जांभळ्याकडे कुणाचं लक्षच नव्हतं,
सगळे चमचा बघत होतो.
साखर पडली. जांभळ्याचं निळसर झालं, मग हिरवं.
‘एक इलेक्ट्रॉन आला,’ बाई म्हणाल्या,
‘अजून दोन यायचेत. घाई करू नका.’

तेवढ्यात वीज गेली.
खिडकीबाहेर, दरीवर, तारेवरून येणारा लोखंडी डबा
जिथल्या तिथे थांबला.
आत जुंबेर. दिवसपाळी संपवून निघालेला.
डब्याच्या फुटक्या खिडकीतून लाल मफलर फडफडत होता,
त्यावरून ओळखला.
मफलर बाईंनीच विणलेला.
ऑक्टोबरपासून दोघं वेगळ्या घरांत राहत होती,
हेही गावाला पाठ होतं.

बाईंनी खडू घेतला. दोन वर्तुळं काढली.
‘हायड्रोजन आणि हायड्रोजन.
केंद्रं दोन्ही धन. फार जवळ आणली
तर एकमेकांना लोटतात.
फार दूर नेली तर ओळखदेखील नाही.
मधे एक जागा असते. चौऱ्याहत्तर पिकोमीटर.
मीटरचे अब्ज तुकडे करा, त्यातल्या एकाचे पुन्हा हजार,
त्यातले चौऱ्याहत्तर.
तिथं ऊर्जा सगळ्यात कमी.’
आणि त्यांनी तो आलेख काढला:
उभा कडा, खोल तळ,
मग लांबवर सपाट होत जाणारी रेघ.
आमचीच दरी. फक्त तार नव्हती.
‘दोघांचे इलेक्ट्रॉन मधे असतात, दोघांचेही.
म्हणून केंद्रं तिथं थांबतात.
थांबतात म्हणजे, थरथरत राहतात.
पुरतं स्थिर कुणीच होत नाही,
कितीही थंडी पडली तरी.’

एलगुजानं हात वर केला. तो मुद्दामच.
‘त्यांना तिथंच राहायचं असतं का, बाई?’

कुणी हसलं नाही.
बाई पहिल्यांदा खिडकीकडे वळल्या.
डबा वाऱ्यानं हलत होता,
त्यातला मफलर आत ओढून घेतलेला.
त्या फळ्याकडे परतल्या, चौऱ्याहत्तर पुन्हा लिहिलं.
सत्तेचाळीस लिहिलं.
आम्ही वहीत सत्तेचाळीसच उतरवलं.

वीज अंधार पडल्यावर आली.
डब्याला हिसका बसला, तो कोणत्या बाजूला गेला
ते आता नक्की आठवत नाही.
आठवतं ते सकाळचं चंचुपात्र:
पाणी नितळ, आणि तळाशी तपकिरी गाळ.
‘डोंगरात आहे तेच,’ बाई म्हणाल्या,
‘इतके रंग बदलून शेवटी हेच,’
आणि पात्र घासायला घेतलं.

वार्षिक परीक्षेत मी लिहिलं:
दोन्ही अणूंना ते अंतर हवं असतं.
अर्धा गुण कापलेला नव्हता.
नजरचुकीनं राहिलं असेल.
मेणबत्तीच्या उजेडात तपासायच्या त्या,
आणि मेणबत्त्याही
त्या वर्षी पुरत नव्हत्या.