तिसरा घाव

एकेचाळीस रात्री लागल्या आम्हाला
मीठराजाला पाडायला.
मी विक्रोळीत, कन्नमवारनगर, चौथा मजला,
राउटर खिडकीच्या गजाला सुतळीनं बांधलेला;
रॉयस्टन डाबरे वसईत,
त्याच्या माइकमधून कायम एक कुत्रं भुंकायचं;
वैजू कळव्याला, ड्यूटीवरून नुकती आलेली,
ऐन लढाईत म्हणायची, थांबा रे, कुकर उतरवते.

पहिला घाव चुकवता येतो. दुसराही.
तिसरा येतो पापणी लवायच्या आत
आणि आपण मिठात उताणे.
एकेचाळिसाव्या रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी
मी तो चुकवला.
बाबा शेजारीच झोपलेले, ओरडणार कसा?
उशी चावली.
बक्षीस म्हणून एक शाल. खेळातलीच.
चालताना खांद्यांवरून मीठ सांडत राहतं.

परवा अपडेट आलं.
कंपनीनं तिसरा घाव मंद केला,
अर्ध्या सेकंदानं.
अर्धा सेकंद म्हणजे किती
हे चारशे वेळा मेलेल्यालाच विचारा.

काल जिन्यात शिरसाटांचा ओजस, आठवीतला.
दादा, मारला मी त्याला! क्लासला जायच्या आधी!
तीच शाल. तेच मीठ.
अरे वा, म्हटलं.
म्हणजे, दात म्हणाले.

रात्री तिघं भांडलो.
रॉयस्टन म्हणाला, आता ती शाल म्हणजे
लग्नातला टॉवेल-टोपी, येईल त्याला.
मी म्हटलं, सोपंच हवं तर भिकार-सावकार खेळा ना.
वैजू बराच वेळ गप्प.
मग म्हणाली,
दिवसाकाठी माझी चाळीस मिनिटं असतात रे.
त्या रात्री तर मी पहिल्याच घावात आडवी झाले होते.
तुम्ही जिंकलात ते मी जमिनीवरून बघितलं.
शाल मलाही मिळाली.
मग माझी खोटी का?

वसईतलं कुत्रं तेवढं बोललं.

सकाळी बाबा पेपर घेऊन बसलेले.
म्हाडाची सोडत.
आम्हाला ही खोली अकराव्या अर्जाला लागली,
अकरा वेळा पैसे भरले, दहा वेळा परत आले.
खालच्या टेंबुलकरांच्या जावयाला पहिल्याच अर्जात,
तेही पवईला.
नशीब एकेकाचं, बाबा म्हणाले,
आणि बशी जरा जोरात ठेवली.
त्यांनी पाठवलेला पेढा दोन दिवस फ्रीजवर तसाच.

तो बशीचा आवाज
मला माझ्या तोंडातून ऐकल्यासारखा वाटला.

संध्याकाळी ओजस पुन्हा जिन्यात.
दादा, आधी कसा होता हो तिसरा घाव?
मी हात उचलला,
त्याच्या कानाजवळून सपकन नेला.
तो दचकला. उशिरा.
मला बरं वाटलं.
खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.
मग घरात जाऊन तो पेढा आणला,
कडक झालेला, मोडताना निम्मा सांडला.
तो खाता खाता म्हणाला,
पुन्हा दाखवा ना,
पण जरा हळू.