फारशी चालली नाहीत

मंडळाच्या जुन्या पुस्तकांच्या टेबलावरून
तीनशे बैशांना उचललं मी ते,
करक चहाच्या तीन पेल्यांच्या भावात.
मुखपृष्ठ गेलेलं. लेखक कोण, कळायला मार्ग नाही.
आत निळ्या शाईत : म. दा. तेंडोलकर, रुवी, १९९०.
आणि मग गाण्यांचा इतिहास, साडेपाचशे पानं,
मोठ्यांनी मोठ्यांचा सांगितलेला.

मी रक्त तपासते. वादी कबीरच्या दवाखान्यात, रात्रपाळीला.
सेंट्रिफ्यूज फिरून थांबेपर्यंत
चार पानं होतात.
असं करत करत रमजान संपता संपता
नवव्या प्रकरणाला लागले. टाइप बारीक. मथळा : इतर.

पान चारशे सत्तावीस, अगदी तळाला :
‘याच सुमारास कुमारी कुंदा वझलवार यांनीही
दोनचार गाणी म्हटली. ती फारशी चालली नाहीत.’

बस्स.
पुढे लगेच कुणाच्या तरी साठीच्या सत्काराचा फोटो,
हार इतके की माणूस दिसत नाही.

पण समासात पेन्सिलीची खूण, शाळेत बरोबर उत्तराला करतात तशी,
आणि तेंडोलकरांचं किरटं अक्षर :
चालली.
माझ्याकडे चालली.

कोण हा माणूस, जो परमुलखात बसून
तळटिपेशी भांडतो?

मत्रहच्या बाजारात, सोनारांची गल्ली संपते तिथे
दादरहीम बलोच आता मोबाइलची कव्हरं विकतो.
मराठी कॅसेट म्हटल्यावर हसला,
स्टुलावर चढला, खोकं काढलं, धूळ माझ्या ओढणीवर.
‘वो पतला बाबू था ना, बंदरगाह के दफ्तर वाला.
मुझ से ले जाता था सब.
फिर मुलुक जाते वक्त वापस दे गया.
सामान तीस किलो से ऊपर हो रहा था.’

काय काढलं असेल त्याने बॅगेतून आधी,
काय शेवटी?
मी विचारलं नाही. त्यालाही माहीत नसणार.

टेप कुणाकडेच नाही आता.
होता तो दादरहीमच्या पिकअपमध्ये,
मासळीच्या वासासकट.
काचा वर केल्या, एसी बंद केला, कारण तो घरघरतो,
आणि जूनच्या त्या भट्टीत आम्ही दोघं घाम पुसत
कुंदा वझलवारला ऐकलं.

बोंगो. एक अकॉर्डियन, जरा दमेकरी.
आणि बसस्टॉपवर उभी राहिलेली मुलगी
आठवत असते, दाराला कुलूप लावलं
की नाही लावलं.
एवढंच गाणं. चंद्र नाही, सखा नाही.
बस येते, जाते, ती तिथेच.
दुसऱ्या कडव्यात ती अर्धी मात्रा आधी घुसते
आणि कुणी थांबवत नाही तिला,
बोंगोवालाच घाईघाईने जागा करून देतो,
बाकावर सरकून बसावं तशी.

दादरहीमची बोटं स्टिअरिंगवर.
‘क्या बोल रही है?’
ताला लगाया कि नहीं, पूछ रही है.
‘किस से?’

मी खिडकीबाहेर बघितलं.
सुलतानाची पांढरी बोट धक्क्याला, नेहमीसारखी.
कणकवलीच्या माझ्या ब्लॉकची किल्ली
चौदा वर्षं पर्समध्ये आहे,
दाराला हल्ली शेजारी रंग देऊन घेतात
आणि फोटो पाठवतात.
‘पता नहीं’, म्हटलं, ‘फिर से लगाओ.’

आज पहाटे साडेतीनला, नमुने फिरत होते तेव्हा
पान चारशे सत्तावीसवर दोन ओळींची जागा सापडली.
पेन्सिल नव्हती. लेबलं लिहायच्या पेनाने तारीख घातली, खाली लिहिलं :
दुसऱ्या कडव्यात अर्धी मात्रा आधी.
तसंच हवं.

शाई मागच्या पानावर उमटली,
सत्कारमूर्तींच्या हारात.

पुढे अजून अकरा नावं आहेत.
सहांपुढे तेंडोलकरांची खूण, पाच तशीच कोरी.
शुक्रवारी दादरहीम चारनंतर उघडतो.