डबीतल्या अकरा

डबीत अकरा उरल्यात.
तू घेत नाहीस हे ठाऊक असून मी रोज मोजते.

डॉक्टर हॉकिन्सन म्हणाले होते, आधी झोपेल.
झोपलास. शुक्रवारी रात्री आडवा झालास
तो रविवारी दुपारी उठून, फ्रीजचं दार उघडंच ठेवून,
पातेलंभर गार मॅकरोनी उभ्याउभ्या संपवलीस.
तीन वर्षांनी तुला भूक लागलेली बघत
मी कपड्यांच्या यंत्राआड उभी होते, चोरासारखी.
ते खरकटं पातेलं मला रात्रीपर्यंत घासवेना.

मग मंगळवार.
तव्यात बलक फुटला
आणि सोळा वर्षांचा, सहा फुटी तू
हमसून रडलास, बलकासाठी.
बुधवारी ब्रिटावर खेकसलास,
तिच्या चावण्याचा आवाज होतो म्हणून.
तिनं टोस्ट तोंडात तसाच धरून ठेवला,
आपोआप विरघळेपर्यंत.

पूर्वी रोज चार वाजता गोळी उतरायची,
तेवढा तास आम्ही दबकून असायचो.
परवा तूच म्हणालास,
‘आई, आता दिवसभर चारच वाजलेत.’

डुलुथमध्ये आत्तापासूनच काठाकाठानं सरोवर धरायला लागलंय.
शाळेची बस पहाटे सुरू होत नाही, मी तिलाही समजावते,
चावी फिरवून थांबते, पुन्हा फिरवते.
मागच्या सीटवरच्या पोरांत एक तरी तुझ्यासारखा असतो.
त्याला मी ओरडत नाही.

एमेट, तुला आठवतं का,
लोहखनिजाचं जहाज पुलाखाली आलं की भोंगा देतं,
एक लांब, दोन आखूड,
आणि पूल तसंच उत्तर देतो.
तूही द्यायचास. न्हाणीघरातून, चर्चमधून,
दुसरीच्या वर्गात, भागाकार चालू असताना.
तिथूनच तर सगळं सुरू झालं,
चिठ्ठ्या, चाचण्या, ही केशरी डबी.
गोळी लागू पडली. पूल एकटाच उत्तर देऊ लागला.
आणि खोटं कशाला बोलू, मला हायसं वाटलं होतं.

काल रात्री जहाज आलं.
भांडी तशीच टाकून मी जिन्याखाली थांबले.
तुझ्या खोलीत काहीतरी भिंतीवर आपटलं,
मग शिवी, मग बराच वेळ काहीच नाही,
मग हसू. कशाचं, कळलं नाही.

गणितात अडतीस. सोमवारी पुन्हा दवाखाना.
डॉक्टर विचारतील, कसा आहे?
मी काय सांगू, तो जेवतो म्हणून?